तारीख घातलेली पोच

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधी आणि आयकर यांच्या आसपास एक लहानशी ओळ असते. व्यवसाय कर, २०० रुपये. ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने या कराला वर्षाकाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून फेब्रुवारीत शंभर वाढवून हिशेब जुळवून घेतात. किती कापले हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते पहिल्यांदा कशासाठी कापायला घेतले, हे मात्र नोकरी करता करता केस पिकलेल्यांनाही बहुधा सांगता येत नाही.

१९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला तो रोजगार हमीसाठी. खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम देता यावं म्हणून शहरातल्या कमावत्या माणसाने दरमहा थोडं बाजूला काढायचं आणि त्यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा तो व्यवहार होता. विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन यांवरही याच कारणासाठी जादा आकारणी झाली. ज्याच्या शेताला पाणी आहे त्याने पाणी नसलेल्याच्या मजुरीला हातभार लावायचा. एवढं स्पष्ट नातं जोडणारी करव्यवस्था आपल्याकडे क्वचितच झाली असेल. आणि या साऱ्याच्या मुळाशी जो माणूस होता त्याच्याकडे ना अर्थखातं होतं, ना महसूल, ना कुठलंच खातं. ते विधान परिषदेचे सभापती होते. विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा, वाळवा तालुक्यातल्या बागणीचा. पुढे तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव झालं. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात स्वातंत्र्याची चळवळ पुस्तकातून आलेली नाही. १९३० मध्ये बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि त्यानंतर आठवडाभरात वडूज आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाठोपाठ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. पागे याच मातीतले, पण गांधीमार्गाचे. सत्याग्रह आणि तुरुंगवास हा त्यांचा वाटा. संतवाङ्मयाचा अभ्यास, साधी राहणी आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडत बसायची सवय, ही त्यांची बाकीची ओळख.

स्वातंत्र्यानंतर या भागातले कार्यकर्ते वेगवेगळ्या वाटांना लागले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षातून पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. सांगलीच्या तुरुंगातून उडी मारून निसटलेले वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखान्यात रमले आणि पुढे मुख्यमंत्री झाले. पागे यांच्या वाट्याला आली ती सभापतीची खुर्ची. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं तेव्हापासून १९७८ पर्यंत, म्हणजे जवळपास १८ वर्षं ते तिथे बसले. या खुर्चीची गंमत नीट समजून घ्यायला हवी. सभापतीला सभागृहात भाषण करता येत नाही, एका बाजूने उभं राहता येत नाही. मतं समसमान पडली तरच आपलं मत टाकता येतं. त्याच्या हाताखाली विकासाचा एक रुपया नसतो. मग अशा माणसाने करायचं काय? पत्रं लिहायची, मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना गाठायचं, आकडे मांडून दाखवायचे, आणि कुणी 'हे शक्य नाही' म्हटलं की गावात जाऊन करून दाखवायचं. पागे यांनी नेमकं हेच केलं.

७०० रुपयांच्या हिशेबाची आठवण आजही सांगतात. सरकारने आपल्याला ७०० रुपये दिले तर आपल्या शेतावर किती माणसांना किती दिवस काम देता येईल, असं पागे यांनी पत्नी प्रभाताईंना विचारलं. प्रश्न घरगुती आहे, पण त्याची मांडणी बघा. 'या पैशांत काय बांधता येईल' असं त्यांनी विचारलं नाही. सरकारी अंदाजपत्रक नेहमी कामापासून सुरू होतं: अमुक लांबीचा रस्ता, त्याला इतका खर्च, त्यात जाता जाता इतके मजूर. पागे माणसापासून सुरुवात करत होते. इतकी माणसं, इतके दिवस, इतकी मजुरी, आणि आता या माणसांच्या हातून टिकाऊ असं काय उभं राहील ते शोधायचं. शेतकऱ्याच्या घरची बाई मजूर सांगताना असाच विचार करते. खुरपणीला किती बाया लागतील आणि दिवस किती, हे तिच्या बोटांवर असतं. १९६५ साली पागे यांनी ही कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवली आणि तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू झाला. १९६९ च्या सुमारास तो एकात्मिक क्षेत्र विकास योजना या नावाने आणखी जिल्ह्यांत गेला. लोक तिला पागे योजनाच म्हणत.

हा प्रयोग किती उलटा होता हे कळायला त्याआधीची रीत माहीत हवी. दुष्काळात सरकारने कामं काढायची पद्धत इंग्रजांची. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळानंतर आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता आल्या. त्यांचा पायाच संशयाचा होता. लोक खरोखर उपाशी आहेत की उगाच सरकारी पैसा मागताहेत, हे तपासण्यासाठी आधी चाचणीची कामं काढायची. मजुरी जेमतेम पोटापुरती ठेवायची, काम कष्टाचं द्यायचं, गावापासून लांब ठेवायचं. इतकं सोसूनही माणसं आलीच तर टंचाई खरी मानायची. स्वातंत्र्यानंतर आकडे बदलले, पण साचा बराचसा तोच राहिला. पूर्ण पिकाला एक रुपया धरून पीक किती आलं त्याची आणेवारी लागणार, ती ५० पैशांच्या खाली आली की टंचाई जाहीर होणार, मग कामं निघणार. म्हणजे मजुराची भूक कचेरीने मान्य करेपर्यंत ती भूक नव्हेच. आणि आणेवारी लागते जमीनवाल्याच्या पिकाची. ज्याला जमीनच नाही त्याची भूक चांगल्या पावसाच्या वर्षीही फेब्रुवारीत सुरू होते, रब्बीची काढणी संपली की. तिची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

पागे यांनी हा क्रम फिरवला. टंचाई आहे की नाही ते सरकारने ठरवायचं नाही. माणसाने काम मागितलं, एवढाच पुरावा. जो कुदळ धरून उन्हात खड्डा खणायला तयार आहे त्याची गरज आणखी कशाने तपासायची? तुरुंगात गेलेल्या पिढीने राज्यघटनेच्या ४१व्या कलमात कामाचा हक्क लिहिला होता, पण मार्गदर्शक तत्त्वांत, 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशा शब्दांनी बांधून. त्यावर कोर्टात जाता येत नाही. ते वाक्य तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत आणण्याचं काम पागे यांनी केलं.

१९७२ मध्ये रोजगार हमी सरकारच्या १५ कलमी कार्यक्रमातून राज्यभर येणार होती. त्याच वर्षी पाऊस गेला. ७२ चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांच्या बोलण्यात मिलो, सुकडी आणि खडी हे तीन शब्द अजून येतात. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे पोरांना वाटलेलं पूरक खाणं, आणि खडी म्हणजे रस्त्याकडेला बसून दिवसभर फोडलेला दगड. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे दर दहा माणसांतलं एक, तान्ह्या मुलांसकट सगळे धरून. एवढ्या माणसांना काम देता आलं आणि उपासमारीने होणारे मृत्यू रोखता आले, ही फार मोठी गोष्ट होती. पण त्याच वेळी एक चूकही उघडी पडली. तयार कामं हाताशी नव्हती, म्हणून सोपं ते काढलं: खडी. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. त्यातून पाणी अडलं नाही, माती थांबली नाही. पागे यांच्या मांडणीत काम उत्पादक हवं हा हट्ट आधीपासून होता. दुष्काळाने तो सगळ्यांना पटवला. नंतरच्या नियमांत मृद व जलसंधारणाला पहिला मान मिळाला तो यामुळे.

डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. मुख्यमंत्री वसंतदादा होते, वरच्या सभागृहाचे सभापती पागे. राष्ट्रपतींची संमती येऊन कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. तोपर्यंत पागे खुर्चीवरून उतरले होते.

कायदा लहान आहे. त्याची ताकद भाषेत नाही, क्रमात आहे. ग्रामीण भागात किंवा क वर्ग नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या कुणीही अंगमेहनतीचं काम करायची तयारी दाखवून गावात नाव नोंदवायचं आणि ओळखपत्र घ्यायचं. हा पहिला टप्पा, आणि लोक बऱ्याचदा इथेच थांबतात. नाव नोंदवलं म्हणजे काम मागितलं असा समज होतो. तसं नाही. काम हवं तेव्हा वेगळी मागणी करावी लागते, त्या मागणीचा अर्ज म्हणजे नमुना ४. त्यात किती दिवस काम हवं ते लिहायचं, मूळ नियमाप्रमाणे सलग ३० दिवस तरी. मागणीची पोच मिळाली की त्या तारखेपासून १५ दिवसांत काम दाखवण्याची जबाबदारी सरकारची. नाही दाखवलं तर बेकारी भत्ता, सुरुवातीला दिवसाला किमान १ रुपया. नवीन काम काढायचं तर ५० मजूर तरी हवेत. कमी असतील तर आधीच चालू असलेल्या कामावर पाठवायचं. एकूण खर्चात मजुरी ६० टक्क्यांपेक्षा कमी नाही, साहित्यावर ४० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. कंत्राटदार नाही. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलांना सांभाळायला पाळणाघर.

यातली ६०:४० ची अट वाचताना कोरडी वाटते, पण तीच योजनेचा कणा आहे. या अटीमुळे कुठली कामं निघतील ते आपोआप ठरतं. बांधबंदिस्ती, नाला बांध, समतल चर, वृक्षलागवड यांत मजुरी ८०-९० टक्क्यांपर्यंत जाते, ती सहज बसतात. पूल, सिमेंटचा बंधारा, डांबरी रस्ता बसत नाही, कारण त्यात सिमेंट, लोखंड आणि यंत्र पैसा खाऊन जातं. गावपुढाऱ्याला हवा असतो रस्ता, दिसतो म्हणून. चर कुणाला दिसत नाही. त्यामुळे या अटीला वळसे घालायचे प्रयत्न पहिल्या दिवसापासून झाले. मातीकाम हमीतून दाखवायचं आणि यंत्राने रातोरात उरकायचं, नंतर हजेरीपटावर नावं भरायची, हा त्यातला सगळ्यात जुना मार्ग. हजेरीपटावर एकाच हाताचे अंगठे, नोकरीला मुंबईत असलेल्याचं नाव, मेलेल्या माणसाचं नाव, हे सगळं तपासणीत सापडत आलं आहे. काम खरोखर हातांनी झालं का हे ओळखायला मातीच सांगते: हाताने खणलेल्या खड्ड्याची कड सरळ आणि तळ टिकावाच्या घावांचा असतो, यंत्राच्या बकेटचे दात मात्र लांब समांतर ओरखडे ठेवून जातात.

आता खुद्द खड्ड्यात उतरू, कारण पागे यांची हमी शेवटी तिथेच खरी किंवा खोटी ठरते.

मजूर रोजावर नसतो, मापावर असतो. कामावर आलं की दोरी लावून, फक्की टाकून चौकड्या आखतात. १० फूट लांब, १० फूट रुंद, १ फूट खोल खणलं की १०० घनफूट, म्हणजे १ ब्रास. मीटरच्या हिशेबात २.८३ घनमीटर. जोडीतला एक टिकावाने खणतो, फावड्याने घमेलं भरतो, दुसरी व्यक्ती, बहुतेक वेळा बाई, ते डोक्यावरून बांधावर नेऊन टाकते. घनमीटरला माती दीड टन धरली तरी एका ब्रासची सव्वाचार टन झाली. घमेल्यात १५-१६ किलो धरले तर पावणेतीनशे फेऱ्या. बांध ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, आणि पावणेतीनशे फेऱ्यांचे साडेसोळा किलोमीटर होतात. त्यातलं अर्धं अंतर डोक्यावर ओझं असतं. ही एका ब्रासची चाल, मे महिन्याच्या उन्हातली.

म्हणूनच मोजणाऱ्याने दरसूचीतली कुठली ओळ लावली यावर सगळं फिरतं. माती कुठल्या जातीची, मऊ माती, मुरूम की कठीण मुरूम, ते लिहावं लागतं. ती किती लांब नेली त्याला लीड म्हणतात, किती उंच चढवली त्याला लिफ्ट. तिन्हींचा दर वेगळा. सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. वरची फूटभर माती भुसभुशीत लागते, खाली टिकाव उसळी मारणारा मुरूम लागतो आणि मोजमाप पुस्तिकेत मात्र अख्खी चौकडी 'माती' म्हणून चढते. काम दुप्पट, दाम निम्मं. कधी लीडच लिहायची राहून जाते. कधी मोजणी वेळेवर येत नाही, दरम्यान वळवाचा पाऊस पडून कडा ढासळतात, खड्डा गाळाने भरतो आणि जे मोजलं जातं ते खणलेल्यापेक्षा कमी भरतं. मजूर यावर दोन उपाय करतात आणि दोन्ही शहाणपणाचे आहेत. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवायचा, म्हणजे मूळची जमीन किती उंच होती आणि थर कसकसे बदलले ते मोजणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. आणि माप घेताना टोळीतलं कुणीतरी टेपचं दुसरं टोक धरून उभं राहायचं, आकडे मोठ्याने बोलून घ्यायचे.

मापाने दाम असल्यामुळे एक गोष्ट मात्र चांगली झाली. शेतावर बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी देण्याची रीत होती. ब्रासला बाई-पुरुष नसतो. जोडीची कमाई जोडीची. शिवाय काम गावाजवळ, म्हणून घर सोडावं लागत नाही. बायका मोठ्या संख्येने या कामांवर आल्या त्याची ही दोन कारणं. पाळणाघर मात्र कागदावर जितकं दिसतं तितकं कामावर दिसलं नाही. झाडाला बांधलेली झोळी आणि तिच्याजवळ बसवलेली सात-आठ वर्षांची बहीण, असंच पाळणाघर बहुतेक ठिकाणी होतं. त्या बहिणीची शाळा बुडायची. कायद्यात एका बाईला मजुरी देऊन मुलं सांभाळायला बसवायची सोय असताना हे व्हावं, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

पाझर तलावांची कथा वेगळी सांगायला हवी. राज्यभर हमीतून हजारो पाझर तलाव झाले आणि विहिरींचं पाणी त्यांनी वाढवलं, यात शंका नाही. पण अर्धवट राहिलेलेही कमी नाहीत. तलावाच्या बांधाला आधी पायाचा खंदक कठीण थरापर्यंत न्यावा लागतो, त्यात काळ्या चिकण मातीचा गाभा भरावा लागतो, त्यावर मुरमाची भर, प्रत्येक वीतभर थर पाणी मारून धुमसायचा, पाण्याच्या बाजूला दगडाची पिचिंग आणि जादा पाणी निघून जायला एका अंगाला सांडवा. हे सगळं उन्हाळ्याच्या आत पुरं व्हायला हवं. मजूर येतात जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृग बरसला की पेरणीला परततात, ते बरोबरच आहे. पण मंजुरीला उशीर झाला, काम एप्रिलमध्ये सुरू झालं, तर पावसाआधी बांध उभा राहतो आणि सांडवा राहून जातो. पहिल्या मोठ्या पुरात पाणी बांधावरून वाहतं आणि तो मधोमध फुटतो. चार महिन्यांची मेहनत ओढ्यातून निघून जाते. यावर उपाय कायद्याच्या अंमलबजावणीत होताच: प्रत्येक तालुक्यात तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी मिळालेल्या कामांची यादी आधीच तयार ठेवायची. तिला कचेरीत 'शेल्फ' म्हणतात. शेल्फवर काम असेल तर मागणी आल्यावर १५ दिवस पुष्कळ होतात. नसेल तर सर्वेक्षण, अंदाजपत्रक, मंजुरी यातच दोन महिने जातात आणि मग तहसीलदारापुढे दोनच रस्ते उरतात: घाईत खडी काढा, किंवा मागणीच आली नाही असं दाखवा.

दुसरा रस्ता जास्त वापरला गेला.

बेकारी भत्ता फारच क्वचित दिला गेला. भत्ता देणं म्हणजे आपण काम देऊ शकलो नाही असं कचेरीने लेखी कबूल करणं. ते टाळायचा सोपा मार्ग म्हणजे मागणीची पोचच न देणं. 'अर्ज ठेवून जा, साहेब दौऱ्यावर आहेत.' 'सगळ्यांचे एकत्र आणा, मग बघू.' अर्ज टेबलावर राहतो, त्यावर आवकचा शिक्का पडत नाही, आणि तारीख नाही म्हणून १५ दिवस कधी सुरूच होत नाहीत. शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी हमीसाठी जे लढे दिले, ठिकठिकाणी तहसीलवर जे मोर्चे निघाले, त्यातल्या अनेकांची पहिली मागणी पैशाची नव्हती. पोच द्या, एवढीच होती. पागे यांनी भत्त्याची रक्कम १ रुपयापासून सुरू होऊ दिली, यावर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या रुपयाचं काम मजुराचं पोट भरणं हे नव्हतंच. कचेरीला चूक लिहून द्यायला लावणं, हे त्याचं काम होतं.

पैशाच्या बाजूनेही हमी कमी-जास्त झाली. १९८८ च्या मे महिन्यात किमान वेतनाशी सांगड घालून हमीची मजुरी दुप्पट करण्यात आली. व्हायलाच हवं होतं. कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी पैशांत सरकारनेच माणसं राबवणं समर्थनीय नव्हतं. पण खर्चाला त्या प्रमाणात वाट करून दिली गेली नाही. नवीन कामं काढण्यात हात आखडला गेला आणि मजुरीचे दिवस घटले. ज्याला काम मिळालं त्याचं भलं झालं, ज्याला मिळालं नाही तो ऊसतोडीच्या गाडीत बसला. पुढे अशीही वर्षं आली की व्यवसाय कर आणि इतर आकारणीतून जमा झालेला पैसा जास्त आणि हमीवर झालेला खर्च कमी. त्याचा अर्थ मागणी संपली असा लावला गेला. मराठवाड्यातून दर दिवाळीनंतर कोयता घेऊन निघणारी कुटुंबं डोळ्यांसमोर असताना तो अर्थ पटत नाही.

पागे १६ मार्च १९९० ला गेले. त्याच वर्षी रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि खासगी कोरडवाहू जमिनीवर आंबा, काजू, डाळिंब, बोर लावायला हमीचा पैसा मिळू लागला. सरकारी पैशाने गरीब शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात काम निघावं हा ७०० रुपयांच्या हिशेबातला विचार, तो इथे पुन्हा भेटतो. कोकणातल्या कातळावर दिसणाऱ्या कित्येक काजूच्या बागा याच योजनेतल्या आहेत.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो देशात लागू व्हायला सुरुवात झाली. १५ दिवसांत काम, ६०:४०, कंत्राटदाराला मज्जाव, ५ किलोमीटरच्या आत काम आणि लांब असेल तर १० टक्के जादा मजुरी, हा सगळा घाट विसापूरच्या वळणाचा. एक गोष्ट मात्र वाटेत हरवली. महाराष्ट्राच्या कायद्यात हक्क एकेका माणसाचा होता आणि दिवसांना मर्यादा नव्हती. केंद्राच्या कायद्यात तो कुटुंबाचा झाला, वर्षाला १०० दिवसांचा. एकाच घरात सासू, सून आणि मुलगा असतील तर ते १०० दिवस तिघांत वाटायचे. महाराष्ट्राने १०० दिवसांपुढचा भार स्वतः घ्यायचं ठरवलं, ते पागे यांच्या वारशाला धरूनच. पुढे पैसे खात्यावर जाऊ लागले, त्याने मधले हात कमी झाले. मोबाइलवरून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी घ्यायची पद्धत आली. तिने खोटी नावं कमी व्हावीत हा हेतू, पण डोंगरातल्या कामावर रेंज नसली की खऱ्या मजुराचाही दिवस बुडू लागला. साधन बदललं की चूक जागा बदलते. मापाच्या टेपवर जशी नजर ठेवावी लागत होती तशी आता फोनवर ठेवावी लागते.

नमुना ४ मात्र गावात अजून नमुना ४ च आहे. तो भरताना घाई करायची नाही. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहायचं, आडनावाच्या एका वेलांटीवरून खातं जुळत नाही. काम कुठल्या तारखेपासून हवं आणि किती दिवस, हे दोन्ही रकाने स्वतः भरायचे, 'नंतर भरतो' म्हणणाऱ्यावर सोडायचे नाहीत. दहा-बारा जणांनी मिळून जायचं, पण नावं आणि सह्या-अंगठे प्रत्येकाचे वेगळे. दुसरी प्रत जवळ ठेवायची. आणि खिडकीतून कागद परत येईल तेव्हा तीन गोष्टी बघायच्या: घेणाऱ्याची सही, कार्यालयाचा शिक्का आणि दिवस, महिना, वर्ष नीट वाचता येईल अशी तारीख. तिन्ही असतील तर घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण करायची आणि दुसऱ्या दिवसापासून एक, दोन, तीन असं पंधरापर्यंत मोजायला लागायचं.